स्क्रू असलेला फळा

कुठलीही नवी वस्तू हातात आली की गफूरभाई आधी ती उलटी करून स्क्रू शोधतात. माझ्या लग्नात आलेला मिक्सरही या तपासणीतून सुटला नाही. "जे खोलता येत नाही ना ताई, ते आपलं नसते," हे त्यांचं ब्रीदवाक्य. यवतमाळजवळ लोहाऱ्याला पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं त्यांचं दुकान आणि भिंतीपलीकडे आमचं कापूसवाल्यांना सल्ला देणारं छोटं केंद्र. कॉम्प्युटर त्यांना मुलाने, इरफानने शिकवला. पुढे इरफान दुकान सोडून नोकरीला पुण्याला गेला, तेव्हापासून बापलेकांत अबोला आहे, हे साऱ्या लोहाऱ्याला ठाऊक होतं.

त्या वर्षांत गुलाबी बोंडअळीने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. उमरखेड आणि झरी जामणीची अशीच केंद्रं आणि आम्ही, तिघांनी मिळून एकाच ऑनलाइन व्हाइटबोर्डवर गावांचा नकाशा काढायचा आणि शेतातल्या कुठल्या सापळ्यात अळीचे किती पतंग सापडले ते तिथेच मांडायचं, असं ठरलं. कपाशीला पात्या, म्हणजे कळ्या, लागायच्या आत हा फळा हवा होता. तो निवडायचं काम मी गफूरभाईंना दिलं.

त्यांची एकच अट, फळा ओपन सोर्स पाहिजे. म्हणजे त्याचा प्रोग्राम कुणीही उघडून बघावा, दुरुस्त करावा, आपल्याच जुन्या कॉम्प्युटरवर बसवावा. "याले म्हणते सॉफ्टवेअर. याले स्क्रू आहेत," ते खुशीत म्हणाले.

भरलेली मोटर ते दिवसभर चालवून पाहत. फळ्यांनाही तोच न्याय. चित्र अर्धं झालं की नेटची वायर उपटायची आणि काय उरतं ते बघायचं. पहिला फळा नापास झाला.

"गरम होते."

"सॉफ्टवेअर कसं गरम होईल, गफूरभाई?"

"फोन होते ना."

दुसऱ्यात मराठी अक्षरं फुटत होती. तिसरा झकास होता. पण "अजून रनिंगमधे पाहू" म्हणत त्यांनी तो तीन आठवडे लोंबकळत ठेवला आणि कारण विचारलं तर ताकास तूर लागू देईनात. झरी जामणीची आमची मीना रोज फोन करायची, "ताई, पात्या लागून राह्यल्या. फळा कधी देता?" शेवटी मी तणतणत दुकानात गेले.

गफूरभाई चहा आणायला गेले होते. स्क्रीनवर तिसरा फळा उघडा होता आणि तो फुली-गोळ्याच्या डावांनी भरला होता. मी बघत असतानाच एका घरात गोळा उमटला. त्याच्याशेजारी नाव होतं, इरफान.

"फोनवर दोन मिन्टांत भांडण होते," मागून आलेले गफूरभाई ग्लास ठेवत म्हणाले. "मी त्याले लिहिलं, फळा तपासाले दुसऱ्या टोकाले माणूस लागते. आला. आता फळा पास केला, तर तो कायले येईन?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. उलट तणतणत आल्याची लाज वाटली.

"फळा पास," मी म्हटलं. "मीनाला आजच देऊ. पण चालू मोटारीकडेही लक्ष ठेवावं लागतं ना? हा रोज तपासायचा. दोन्ही टोकांनी."

"रोज?"

"रोज."

ते खुर्ची ओढून बसले. दोन फुल्यांच्या मधलं घर मोकळं होतं, तिथे फुली मारली की डाव त्यांचा. गफूरभाईंनी ती कोपऱ्यात मारली आणि गोळ्याची वाट बघत चहा प्यायला लागले.