एंटरखालच्या अक्षता

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता, खांदा कॉलनीतल्या आमच्या घरचा संगणक अंशतः निकामी झाल्याचे निदर्शनास आले. एंटरचं बटण खाली जाईना.

कारण धार्मिक होतं. आदल्या दिवशी विळी, हातोडी आणि संगणक यांची रीतसर पूजा झाली होती. पूजा करणारे आमचे हे, दीनानाथ, आवक-जावक शाखेतून निवृत्त. स्क्रीनला हळदकुंकवाची पाच बोटं, कीबोर्डवर झेंडू आणि मूठभर अक्षता. विळीला अक्षता बाधत नाहीत, त्यावरून आम्ही बाकीचं धरून चाललो.

दहा वाजता आमच्या इराची टायपिंगची ऑनलाइन चाचणी होती. दोन वर्षांत नोकरीसाठी आलेलं हे पहिलंच बोलावणं.

“बंद करून उलटा करते. पाच मिनिटांचं काम आहे,” इरा म्हणाली.

“उपकरण उलटं करायचं तर आधी अर्ज लागतो,” हे म्हणाले.

“कुणाकडे?”

“माझ्याकडे. आणि टाइप करून. तुझं अक्षर लागत नाही.”

पोरीनं केला. एंटर नसल्यामुळे विषय, संदर्भ, महोदय आणि आपली विश्वासू हे सगळे एकमेकांना खेटून उभे राहिले.

“परिच्छेद नाहीत. चौतीस वर्षांत असा अर्ज मी स्वीकारलेला नाही.”

“बाबा, एंटर चालत नाही म्हणूनच तर अर्ज केलाय.”

“तसं नमूद केलंय?”

“तिसऱ्या ओळीत.”

“तिथे कुंकू आहे. वाचता येत नाही.”

“मग पुसू?”

“मंजुरीशिवाय?”

नऊ वाजता तज्ज्ञ म्हणून शेजारचे अविनाशभाऊ आले. सोसायटीचे सेक्रेटरी. हातात खिडक्यांच्या काचा पुसायचा फवारा. इरा दोन्ही हात पसरून स्क्रीनसमोर उभी राहिली.

“काका, स्क्रीनवर थेट फवारत नाहीत.”

“बरं, मग बाजूनं मारतो.”

कोणत्या बाजूनं, यावर मतभेद झाले. साडेनऊ वाजले. इराचे डोळे भरायला लागलेले मला दिसले. मी दोघांना म्हटलं, “चहा गॅलरीत ठेवलाय. तिथे बसून ठरवा.”

ते तिकडे ठरवत बसले. इकडे मी संगणक बंद केला, प्लग काढला. कीबोर्ड वर्तमानपत्रावर उलटा धरून पाठीवर थोपटला, ढेकरेसाठी तान्ह्याला थोपटतात तसा. एकतीस अक्षता पडल्या, झेंडूची एक पाकळी आणि यांच्या चिवड्यातला एक शेंगदाणा, ज्याची आवक कुठेच नोंदलेली नव्हती. मग चष्म्याचं मऊ फडकं ओलं करून घट्ट पिळलं आणि हलक्या हातानं स्क्रीन पुसली. कोरडी होऊ दिली. चालू केलं. एंटर चाललं.

अकरा वाजता इरा बाहेर आली. “बरी गेली,” म्हणाली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली.

संध्याकाळी मला नोटीस मिळाली. विनापरवाना साफसफाई केल्याबद्दल आपल्याकडून खुलासा का मागवू नये, अशी. परिच्छेद सुरेख पडले होते.

तुम्ही खुशाल हसा. फक्त त्याआधी आपला कीबोर्ड एकदा वर्तमानपत्रावर उलटा करा. आमच्यातून निदान अक्षता पडल्या.