न तुटणारा दोरा

तिसरा दोराही तुटला, तेव्हा विजयमालेनं त्याचे दोन्ही तुकडे चुलीत टाकले आणि नवऱ्याकडे न बघता विचारलं, "हा कुणी आणला?"

"मीच आणला. दुकानदार म्हणे, मजबूत हाये."

"दुकानदाराला पहाटे उठून लेकराच्या छातीला वेखंड लावावं लागत नाही."

भगवानराव मास्तरांनी सायकल काढली. शाळा भरायला अजून बराच अवकाश होता, पण काही प्रसंगी शाळेत लवकर जाणंच शहाणपणाचं असतं.

आठ महिन्यांच्या बाळाचा खोकला हटत नव्हता, आणि विजयमालेच्या मते सगळा दोष दुलईचा होता. कापूस घरच्याच शेतातला, पिंजाऱ्यानं पिंजलेला, खोळीत भरलेला. पण दोरे घातलेले नव्हते. त्यामुळे मध्यरात्री कापूस सरकायला लागे आणि पहाटे बाळाच्या पायाशी ढीग, छातीवर नुसतं कापड. जागोजागी आरपार टाका घालून गाठ मारली की काम झालं. पण राळेगावातल्या त्या घरात एवढ्या दोऱ्यासाठी पंचायत बसली होती.

सासूबाईंना, विमलताईंना, लाल दोरा हवा होता. लाल गाठीनं नजर लागत नाही. विजयमालेनं तो दोरा पातेल्यात उकळला. पाण्याचं कुंकू झालं.

"बाळ गाठी चोखेल, मामीजी. हे पाणी तुम्ही प्याल?"

"माया चार लेकराईनं चोखल्या लाल गाठी. एकही मेलं नाई."

"त्यातलाच एक आत्ता खोकत सायकलवर गेला."

शेजारच्या हंसाबाईनं लोकर दिली. तिचे तंतू बाळानं पहिल्याच झटक्यात तोंडात घेतले. बोट घालून काढावे लागले. विजयमाला बी.ए. होती. अमरावतीच्या कॉलेजात 'स्त्रीचा निर्णयाचा अधिकार' या विषयावर बोलून तिनं कप मिळवला होता. तो कप आता सासूबाई डाळ मोजायला वापरत, आणि कप मिळवणारीला स्वतःच्या लेकराच्या पांघरुणाचा दोरा ठरवता येत नव्हता.

ती ओसरीवर गेली. तिथं सासरे, मारोतराव, चरख्यावर बसले होते. सर्वोदय मेळाव्यात प्रत्येकानं स्वतः कातलेल्या सुताची गुंडी, म्हणजे लड, अर्पण करायची असते, आणि या व्रतावर मारोतराव गावोगाव भाषणं देत. त्यांचं सूत कुठं केसासारखं, तर कुठं सुरवंटासारखं. चरखा जरा फिरे, थांबे, आणि मारोतराव म्हणत, "तुटलं."

"मामाजी, निदान तुम्ही तरी सांगा. दोरा मी ठरवू की नको?"

"सासूले विचार. बायाईच्या गोष्टीत मी कायले पडू?" त्यांनी सूत जोडलं. चरखा फिरला. "तुटलं."

दुपारी फडताळात वेखंड शोधताना तिच्या हाताला जुन्या कापडात गुंडाळलेली एक गुंडी लागली. शुभ्र, गुळगुळीत, एकसारखी. तिनं एक धागा दोन्ही हातांनी ओढला. तळव्यावर वळ उठला, धागा तसाच. गालाला लावून पाहिला, मऊ. उकळून पाहिला, पाणी नितळ. मामाजींचं हे सूत असणं तर शक्यच नव्हतं. नवऱ्यानं आणलं असेल आणि विसरला असेल. तो तसा बरंच काही विसरतो.

सासूबाई झोपल्या होत्या. विजयमालेनं गुंडी एका बाजूनं कचकन कातरली. सगळे धागे एका मापाचे झाले. चार-चार पदर सुईत घेऊन ती टाके घालत सुटली. एक गाठ सासूबाईंच्या नजरेच्या नावानं, एक दुकानदाराच्या, एक 'बायाईच्या गोष्टी'च्या. त्या दिवशी राग इतका होता, की दुलई लहान पडली.

संध्याकाळी तांड्यावरचे सेवादासजी मेळाव्यासाठी सूत गोळा करायला आले. मारोतराव ऐटीत फडताळाकडे गेले आणि मोकळ्या हातांनी परत आले.

"माही गुंडी कुठी हाये?"

विजयमाला दुलई घेऊन बाहेर आली. "ती गुंडी तुमची होती, मामाजी?"

सासूबाईंनी गाठींवरून हात फिरवला. "देवाच्या नावाचं सूत कातरलं वं माय हिनं."

"वर्षभर बोटं झिजवली मी," मारोतरावांचा आवाज चढला. "वर्षभर. घरात कोणाले विचाराची पद्धत हाये का नाई? कॉलेजात हेच शिकवून राह्यले काय?"

विजयमालेच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दुलई उसवा म्हणाले, तर आज रात्री बाळ पुन्हा कापडाखाली. तिनं दुलई छातीशी धरली.

"जाऊ द्या, मारोतराव," सेवादासजी म्हणाले. "भावना मोठी. एवढा एक धागा तोडून नेतो, पुरे." त्यांनी गाठीचं एक टोक बोटाला गुंडाळलं आणि ओढलं. धागा तुटेना. बोट लाल झालं, मग जांभळं. त्यांनी बोट सोडवून घेतलं आणि ते मारोतरावांकडे भक्तिभावानं बघू लागले.

"असं सूत मी उभ्या जन्मात पाह्यलं नाई. तुमी यंदा मेळाव्यात सगळ्याईसमोर कातून दाखवा. मी आजच सांगून टाकतो."

विजयमालेनं चरख्याकडे पाहिलं. सकाळचा तुटका सुरवंट तिथंच लोंबत होता. मग तिनं दुलईकडे पाहिलं. मग सासऱ्यांकडे. थंडीच्या दिवसांत मारोतरावांच्या कपाळावर घाम आला होता. सकाळपासून घरभर भटकणारा तिचा राग अखेर नीट मांडी घालून बसला.

"मामाजींना कसं जमेल, सेवादासजी?" ती सावकाश म्हणाली. "घरात बाळ आजारी. आजोबांशिवाय राहत नाही ते." आणि ती थांबली. पुढचं वाक्य मारोतरावांचं होतं.

"होय नं," मारोतराव घाईनं म्हणाले. "लेकरू आधी, मेळावा मंग. अन् सुताचं काय, लेकराच्या अंगावर पडलं म्हणजे अर्पणच झालं. आमच्या घरी लेकराच्या बाबतीत सूनबाई म्हणन तेच."

"अन् लाल दोरा?" सासूबाईंनी विचारलं.

"तेबी सूनबाईलेच विचार."

सेवादासजींचे डोळे भरून आले. "यालेच त्याग म्हणतेत," असं म्हणत, बोट चोळत ते पायऱ्या उतरले.

सासूबाई तणतणत आत गेल्या. विजयमालेनं दुलईची घडी घातली, एक गाठ उगाच ओढून पाहिली आणि हळूच विचारलं, "मामाजी, हा दोरा कोणत्या दुकानात मिळतो? मामीजींच्या दुलईलाही घालावा म्हणते."

मारोतरावांनी आतल्या दाराकडे पाहिलं. चरख्याला एक फेरा दिला. सूत तुटलं.

"हळू बोल, माय," ते म्हणाले. "किती गुंड्या आणू?"