दोन गाठींची दोरी

माझ्या गळ्यात चोवीस तास टेप असतो. शिंपी आहे मी, वारंगा फाट्यावर माझं दुकान. पण आमच्या शेजारच्या किसनमामांनी माझ्या टेपकडं कधी ढुंकून पाहिलं नाही. त्यांच्याकडं जुन्या कासऱ्याची एक दोरी होती, तिला दोन गाठी. एक उंचीची, एक घेराची. जगात मोजायचं म्हणून जे काही होतं, ते मामा त्या दोरीनं मोजायचे. मला हा माझ्या धंद्याचा अपमान वाटायचा.

मोठा दुष्काळ सरून तीनेक वर्षं झाली होती. मामांनी कुठल्याशा लिलावातून मिलिटरीची एक जुनी बंद गाडी आणली. चारही चाकांना जोर लागणारी. "दोन चाकं वढतेत ती सडकंची गाडी, चारी वढतेत ती चिखलाची," हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचे. चारी चाकं जोडणारा छोटा दांडा होता, त्याचं नाव त्यांनी 'चारी पाय' ठेवलं होतं. रोज सकाळी हँडल मारायच्या आधी बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, "ऊठ बाबा." बाबा उठायचा नाही. मग मामा गाडीखाली शिरायचे आणि दुपारपर्यंत त्यांचे नुसते पाय दिसायचे. गिऱ्हाईक घाबरून विचारायचं, "मेलं का काय कोन?" मी म्हणायचो, "न्हाई हो, ग्रीस भरून राहिलेत."

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण मामांनी आतल्या चांगल्या सीटा उपटल्या, मागं उतरती फळी बसवली, आणि टप कापून हातभर वर उचलायला घेतला. वेल्डरनं पट्टी काढली, तर हे दोरी घेऊन पुढं. "ह्या गाठीला बराबर आन."

"मामा, उंट बशिवता का काय?"

"घरचं हाय कोनीतरी. पोळ्याच्या आत आनायचंय."

झालं! फाट्याला तेवढंच पाहिजे होतं. मामी जाऊन दहा वर्षं झालेली, पोरबाळ नाही. मामा नवरी आणणार, आणि टपाच्या मानानं नवरी भलतीच उंच असणार, यावर हॉटेलात एकमत झालं.

मग स्वारी माझ्याकडं आली. "आतून दोन्ही बाजूनं गाद्या शिवून दे. लेकराला तकलीफ न्हाई झाली पायजे."

मी भडकलो. "लोक नवरी म्हणून राहिलेत, तुमी लेकरू म्हणता. येणार कोन ते सांगा, न्हाई तर सुईला हात लावत न्हाई!"

मामा दोरी गुंडाळत म्हणाले, "चांद्या."

चांद्या त्यांचा बैल. तांबडा, कपाळावर पांढरा ठिपका. दुष्काळाच्या साली पोळ्याला झूल शिवायची म्हणून मामांनी दोरीला गाठी मारून त्याचं माप घेतलं होतं. झूल राहिली, कडबा संपला, आणि चांद्या कुरुंद्याच्या एका शेतकऱ्याला द्यावा लागला, कारण त्याच्या विहिरीला पाणी होतं. आता बैलाचा पाय अधू झाला होता. शेतकऱ्याचा निरोप होता, पोळ्यापर्यंत सांभाळतो, मग जवळा बाजार गावच्या गुरांच्या बाजारात विकून टाकतो. चालत येणं जनावराला जमणार नव्हतं, आणि श्रावणात त्या शिवारातल्या काळ्या मातीत बैलगाडीही रुतायची.

मी गप गाद्या शिवल्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मामांनी मलाही गाडीत घातलं. "तुजी शिलाई तूच बघ." कुरुंद्याच्या अलीकडं ओढ्यात गाडी रुतली. मी खाली उतरून देवाचं नाव घेत मागनं रेटलं, मामांनी 'चारी पाय' ओढला. गाडी थरथरली, माझं धोतर चिखलानं भरलं, आणि निघाली की बाहेर!

चांद्या गोठ्यात उभा होता. मामांचा हात हुंगून त्यानं तो चाटायला सुरुवात केली. मामांनी सवयीनं दोरी काढून त्याच्या पोटाला लावली. गाठ चांगली वीतभर पुढं गेली.

"मामा, माप चुकलं काय?"

"माप बराबर हाय," मामा म्हणाले. "त्येच वाळलंय." आणि बैलाच्या मानेत तोंड घालून रडले. मलाही राहवलं नाही, खोटं काहून बोलू?

फळीवरून त्याला आत चढवला. शिंगांवर टप उंच राहिला, अंग गाद्यांना टेकेना. वळणावर तोल जाऊन पडेल म्हणून मीच त्याच्या कुशीला खांदा लावून फाट्यापर्यंत उभा राहिलो.

संध्याकाळी मामा लोणी-हळद घेऊन त्याची खांदमळणी करत बसले होते. मी झुलीचं कापड घेऊन गेलो आणि गळ्यातला टेप काढला. "मामा, आता तरी नवं माप घेऊ द्या."

त्यांनी दोरी माझ्या हातात दिली. "ह्याच मापानं शिव. खाईल, भरंल."

लेकरांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवायची आमच्यात रीतच आहे. म्हाताऱ्या बैलाची झूल वाढत्या अंगाची मी तेवढी एकच शिवली.