मागच्या चाकावरचं वजन

दिवाळी झाली की दुधरामकाका मेश्राम माणसाला "कसे आहा?" विचारत नाहीत. "वजन किती?" विचारतात. माझं ब्याण्णव किलो आहे. हा आकडा मी बायकोपासून लपवला, डॉक्टरांना चार कमी करून सांगितला आणि काकांना मात्र एकदा गप्पांच्या ओघात खरा सांगून बसलो. तेव्हापासून हिवाळ्याचे चार महिने मी शाळेच्या वेळेत भंडाऱ्याजवळच्या शहापूरचा मास्तर असतो आणि उरलेल्या वेळेत काकांच्या गाडीतलं वजन.

काका आमच्या समोरच राहतात. बत्तीस वर्षं एसटी चालवून रिटायर झाले, मग काही दिवस नागपुरात एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते. डॉक्टरांच्या मुलाची एक लाल, परदेशी, दोनच सीटांची स्पोर्ट्स कार हौस फिटल्यावर शेडमध्ये धूळ खात पडली होती. काकांनी एक दिवस खाली वाकून बघितलं. इंजिन पुढे, पण सगळा जोर मागच्या चाकांना. "आपल्या एसटीवानीच आहे जी," म्हणाले आणि डॉक्टरांकडून ती मागूनच आणली. गाडीची उंची माझ्या कमरेपर्यंत येते. पुढची चाकं फिरवणाऱ्या गाड्यांबद्दल काकांचं मत फारसं बरं नाही. माझी गाडी तशीच आहे, हे त्यांनी मला कधी माफ केलेलं नाही.

"पुढून ओढते त्याले बैल म्हणते, गुरुजी. मोटार मांगून ढकलते."

आता या मागून ढकलण्यात एक भानगड आहे. हिवाळ्यात आमच्याकडे धान कापणं, चुरणं चाललेलं असतं. धानाच्या बांधीतून निघालेले ट्रॅक्टर चाकांचा चिखल डांबरावर सोडत जातात, त्यावर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, सांडते, वरून रात्रीचं दंव, आणि सगळ्यांचं मिळून सकाळी रस्त्यावर छान सारवण झालेलं असतं. एसटीचं बूड जड, ती निघून जाते. काकांच्या गाडीचं बूड हलकं. वळणावर जरा जास्त दाबलं की मागचा भाग पुढे यायला बघतो. म्हणून डिकीत तांदळाची एक चुंगडी असते. दुसरी मावत नाही. पण बाजूची सीट मागच्या चाकांच्या अगदी जवळ आहे, असा शोध काकांनी लावला, आणि तिथे मी आलो.

त्या गाडीत बसता येत नाही, पडावं लागतं. मी पडलो की काका म्हणतात, "मांगं सरका, मांगं सरका." मागे काहीच नाही, पण बत्तीस वर्षांची सवय. मग मी डॅशबोर्डवर दोनदा टकटक करायची. कंडक्टरची डबल घंटी ऐकल्याशिवाय त्यांचा पाय क्लचवरून हलत नाही. एकदा मी रागात होतो म्हणून टकटक केली नाही, तर आम्ही दोघे दहा मिनिटं नुसते बसून होतो.

पण काकांचे हात बघावेत. रस्त्यात कोणी "जय भीम" केला तर काका मानेनं उत्तर देतात. गेअर टाकला की डावा हात लगेच परत जागेवर. नाकावर माशी बसली तर मला सांगतात, "गुरुजी, हाकला जरा." मी हाकलतो.

"स्टेरिंग सुटलं त तो ड्रायव्हर कायचा?" हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

या गाडीत एकच माणूस बसायला तयार नाही, आणि काकांना बाजूला हवं आहे ते तेच माणूस. काकू.

मागच्या हिवाळ्यात दोघं काकूंच्या माहेरी, कोंढ्याला मंडईला निघाले होते. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, एक दिवसाची जत्राच ती, लेकी माहेरी येतात, सोयरेधायरे जमतात. कोंढ्याच्या अलीकडच्या वळणावर गाडी घसरली, दीड गिरकी घेतली आणि परत भंडाऱ्याकडे तोंड करून तणशीच्या ढिगात जाऊन थांबली. कोणाला खरचटलंही नाही. पण काकू त्या दिवसानंतर गाडीत बसल्या नाहीत. "मांगच्या चाकावर वजन कमी पडलं," एवढंच काका सांगत.

यंदाची मंडई जवळ आली तसा काकांचा जीव वरखाली व्हायला लागला. "जावई मोटारीत अन् बाई एसटीत. सासुरवाडीत काय म्हणतीन लोक?" त्यांनी टायर बदलले, हवा कमी-जास्त करून पाहिली. त्या वळणावरून मला अकरा वेळा नेलं. कोंढ्यात माझं कोणी नाही. प्रत्येक वेळी परत आल्यावर मला काकूंसमोर उभं करायचे. "सांगा तिले, हालली का गाडी?" मी म्हणायचो, अजिबात नाही. काकू सुपातलं निवडत म्हणायच्या, "मी एसटीनं जाईन."

मंडईच्या आदल्या दिवशी काकांनी मला एकट्याला पाठवलं, समजूत घालायला. मी चहा घेतला आणि गाडी आता कशी घसरत नाही ते सुरू केलं. काकूंनी मला मधेच थांबवलं.

"मले गाडीचं काय भेव, गुरुजी? गाडी फिराले लागली न, त यायनं स्टेरिंग सोडून देल्लं. दोन्ही हातानं मले धरलं. गाडी आपली फिरून राहिली, अन् हे डोळे मिटून मले धरून बसले. तणस होती म्हणून वाचलो. तिथं तलाव असता त?" त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मी बाजूले बसली का हे ड्रायव्हर नाही राहत. म्हणून नाही बसत मी."

मला कुठे बघावं ते कळेना. संपलेला चहा मी परत एकदा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी काकू भंडाऱ्याहून पवनीच्या एसटीत बसल्या, अगदी शेवटच्या सीटवर. त्या एसटीच्या मागे आम्ही. एसटी ज्या ज्या थांब्यावर थांबली, तिथे तिथे आमची स्पोर्ट्स कारही थांबली. दोन सायकलवाले आम्हाला ओलांडून गेले. अड्याळ सोडल्यावर मला राहवेना.

"काका, मागच्या वर्षी स्टेअरिंग सोडलं होतं का हो तुम्ही?"

त्यांनी गेअर बदलला, हात परत जागेवर नेला. मग म्हणाले, "तिनं सांगलं?"

"हो."

"बत्तीस वर्षं मांगं पन्नास-पन्नास माणसं बसवली. समोर म्हशी आल्या, झाड आडवं झालं, तवाही हात हालला नाही. पण ड्यूटीवर घरचं माणूस नोको म्हणून तिले कधी एसटीत घेतलंच नाही. मले काय माहीत, माझे हात असे करतीन."

वळण आलं. काकांनी ते नीट काढलं. घसरली असती तरी त्यांनी मला धरलं नसतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

कोंढ्यात जेवणं झाली. काका मेहुण्याला मागच्या चाकांचं शास्त्र समजावत होते, तेवढ्यात मी काकूंना गाठून काकांचं गाडीतलं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ही चुगली होती, आणि मला तिचं काही वाटलं नाही. काकूंनी पदर सारखा केला आणि आत निघून गेल्या.

चार वाजता निघायची वेळ झाली. घरचे निरोप देऊन आत वळले होते. मी दार उघडून पडण्याच्या तयारीत होतो, तेवढ्यात काकू पिशवी घेऊन आल्या.

"गुरुजी, भंडाऱ्याची एसटी साडेपाचले आहे. बसाले जागा भेटते." त्यांनी चिवड्याचा डबा माझ्या हातात दिला. "वाटेत खा."

आणि त्या गाडीत बसल्या, एका दमात. काका किल्ली हातात घेऊन नुसते उभे. मग बसले. मी दार लावत होतो तेव्हा काकू हळू आवाजात त्यांना म्हणाल्या, "धराचं असन त आत्ताच धरून घ्या. मंग दोन्ही हात तिकडं."

मी डबा घेऊन स्टँडकडे निघालो. गाडी सुरू झाल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला.