नकली पट्टीला अस्सल गॅस

"माझ्याबद्दल मीच बोलणं बरं न्हवं," नागेंद्र हुद्दार म्हणाले, आणि पाऊण तास बोलले.

तीस वर्षं त्यांनी बसमध्ये तिकिटं तपासली होती. खिडकीबाहेर बघणाऱ्या माणसाच्या मानेवरून त्याने तिकीट काढलंय की नाही, हे ते ओळखत. एक गृहस्थ तर त्यांनी म्हणे नुसत्या खोकल्यावरून पकडला होता. सरकारने निवृत्त केलं, पण मेंदूला तसा कागद आला नव्हता. म्हणून पिरनवाडीतल्या घरावर त्यांनी वर कानडीत आणि खाली मराठीत भलीमोठी पाटी लावली होती, 'गुप्तहेर'. ती जाणाऱ्या बसमधूनही वाचता यायची. आता ह्यात गुप्त काय उरलं, हे विचारायचं धाडस अजून कोणी केलं नव्हतं.

त्यांना आपल्या घरी बोलावून घेतलेले चिंतामणराव याळगी समोर बसून निमूट ऐकत होते. बेळगावात त्यांना दुसरा गुप्तहेर ठाऊक नव्हता, आणि गेले तीन आठवडे त्यांना झोप नव्हती.

चिंतामणराव भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक. माणसाला उतारवयात गुडघेदुखी होते, त्यांना जर्मनी झाली होती. कैसरच्या काळातल्या जर्मन सैनिकांच्या फितींच्या पट्ट्या ते गोळा करत. पदकं रोज छातीवर लटकवून हिंडता येत नाही, म्हणून सैनिक प्रत्येक पदकाच्या फितीचा बोटभर तुकडा एका पत्र्यावर ओळीने बसवून घेत आणि मागच्या पिनेने ती पट्टी गणवेशावर टोचत. फितींचे रंग आणि क्रम कळला की गडी कुठल्या राज्याचा, आघाडीवर लढला की मागे कारकुनी केली, सगळं वाचता येतं. ह्या वाचनासाठी चिंतामणरावांनी घरातली एक स्वतंत्र खोली अडवली होती, आत्ता दोघं बसले होते तीच. तिथे केरसुणीलाही विचारून यावं लागे, आणि पत्नी विनोदिनीबाईंना फक्त उंबऱ्यापर्यंत परवानगी होती.

संग्रहातली सगळ्यात लाडकी पट्टी तीन फितींची. पहिली काळी, पांढऱ्या काठांची, म्हणजे लोखंडी क्रॉस हे शौर्यपदक, तेही आघाडीवरचं. दुसरी बव्हेरियाच्या पांढऱ्या-निळ्या रंगांची. तिसरी दीर्घ नोकरीची. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात ही पट्टी निपाणीचे मारुतीराव त्यांच्या जाडजूड जर्मन पुस्तकाशी ताडून बघायला घेऊन गेले आणि दसऱ्यानंतर आणून दिली. मारुतीराव म्हणजे एकतीस वर्षांचे मित्र. दर रविवारी बसने बेळगावला यायचे, दोघं भिंगातून फिती बघत बसायचे, आणि संध्याकाळी परत जायचे.

परत आलेली पट्टी चिंतामणरावांनी सवयीने जांभळ्या टॉर्चखाली धरली. ह्या प्रकाशात जुना धागा काळोखा राहतो आणि अलीकडचा नकली धागा चमकतो, हे संग्राहकांचं पहिलं शास्त्र. नेण्याआधी ती काळोखी होती, तशी वहीत नोंद होती. आता पांढरे काठ चक्क दिव्यासारखे पेटले. पट्टी बदललेली होती!

रागाच्या भरात त्यांनी संग्राहकांच्या व्हॉट्सॲप गटावर लिहून टाकलं की माझी पट्टी निपाणीत बदलली गेली, ज्यांनी समजायचं त्यांनी समजावं. त्रेसष्ट जणांना समजलं. मारुतीराव एक अक्षर न लिहिता गटातून निघून गेले. पुढचे तीन रविवार चिंतामणराव दोन खुर्च्या मांडून एकटे बसले. त्यांना पट्टी हवी होतीच, पण मनातल्या मनात एवढंच हवं होतं की चोर दुसरा कोणी तरी निघावा.

"चोर कोण ते मी आत्ताच सांगतो," हुद्दार म्हणाले, आणि त्यांनी पट्टी उलटी केली. मागे पिवळा डाग होता. हुद्दारांनी ताबडतोब नाकाला रुमाल लावून खिडक्या उघडायला लावल्या. पहिलं महायुद्ध, जर्मन सैनिक, पिवळा डाग, म्हणजे मस्टर्ड गॅस. पिनेजवळ लाल भुकटी होती, ते सैनिकाचं रक्त. रक्त शंभर वर्षांत काळं पडायला हवं, अशी चिंतामणरावांनी शंका काढली, तर जर्मन माल टिकाऊ असतो असं उत्तर मिळालं. पिनेखाली तांदळाचे दोन दाणे अडकले होते. त्यावरून तो सैनिक नगरच्या जर्मन कैद्यांच्या छावणीत भात खात होता हे सिद्ध झालं. मग हुद्दारांनी रुमाल बाजूला करून पट्टी हुंगली आणि त्यांचे डोळे बारीक झाले. चंदनाचा वास! म्हणजे म्हैसूरकडची टोळी. बस संकेश्वरला चहासाठी दहा मिनिटं थांबते, तिथेच अदलाबदल झाली.

चिंतामणराव क्षणभर सुखावले, कारण ह्या हकिकतीत मारुतीराव कुठे नव्हते. पण प्राध्यापकी ही जित्याची खोड होती. पट्टी जर नकली आहे, तर तिच्यावर गॅस आणि रक्त कुठून आलं?

"तीच तर टोळीची हुशारी," हुद्दार म्हणाले. "नकली पट्टीला अस्सल गॅस लावलाय."

एवढ्यात विनोदिनीबाई चहा घेऊन उंबऱ्यापर्यंत आल्या. गॅस आहे, आत येऊ नका, असं हुद्दारांनी बजावलं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्या उंबरा ओलांडून सरळ आत आल्या आणि पट्टी हातात घेतली.

"हळदकुंकू वाहिलंय हो ह्याला," त्या म्हणाल्या. "ह्या अक्षता. उदबत्तीचा वास पण येतोय. आणि पूजेआधी धुतलंय कुणीतरी स्वच्छ."

धुतल्याने उजेड पडतो का, असं चिंतामणरावांनी चिडून विचारलं. बाईंनी पडदा ओढला, टॉर्च उचलला आणि हुद्दारांच्या शर्टावर मारला. शर्ट लख्ख निळा पेटला. कपड्यांच्या पावडरीत चमक असते, ती धाग्यात बसते, एवढंच त्यांनी सांगितलं. मग हे गृहस्थ पण नकली आहेत का, असं विचारून त्या कप घेऊन गेल्या. हुद्दार बराच वेळ स्वतःच्या पोटाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने दोघं निपाणीला निघाले. गुन्हेगाराच्या कबुलीला तपासनीस हजर हवा, म्हणून हुद्दार आपण होऊनच आले होते. वाटेत त्यांनी एक सल्ला दिला. धुतलेल्या पट्टीला संग्राहकांच्या जगात कुत्रं विचारत नाही. त्यापेक्षा ती चोरीला गेली असंच राहू द्यावं, म्हणजे पट्टी कायम अस्सल आणि याळगींचं नाव कायम मोठं. संकेश्वर येईपर्यंत चिंतामणरावांना हे चक्क पटत होतं. लाजेची गोष्ट आहे, पण खरी आहे.

मारुतीराव घरापुढच्या सोप्यावर बसले होते. पाहुणे दिसताच त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड फिरवलं. महिन्याभरात गडी निम्मा झाला होता. चिंतामणरावांनी पट्टी बाहेर काढली. त्यांनी विचारलं ते मारुतीरावांच्या पत्नीला, मालुबाईंना.

"व्हय की भावजी, मीच धुतलं," मालुबाई म्हणाल्या. "हे संकेश्वरला कारखान्यावरच्या पूजेला गेलते. खंडेनवमीला मी कोयता मांडलो, खुरपं मांडलो, ह्यांची गाडी मांडलो. ही शिपायाच्या छातीवरची पट्टी टेबलावर हुती. लढलेल्या माणसाची वस्तू, तिची पूजा नको व्हय? पर लई मळलती. म्हणून पावडरीत भिजवून घासलो."

"ब्रशनं?" चिंतामणराव कळवळले.

"मऊ ब्रशनं. पूजा झाल्यावर डबीत घालून ठेवलो, ह्यांनी न उघडताच तुम्हाला दिली. सांगायचं काय त्यात? धुणं धुतलं म्हणून रोज सांगतो काय?"

मग भावजी ह्यासाठी निपाणीपर्यंत का आले, हे त्यांनी विचारलं आणि चिंतामणरावांना सांगावं लागलं. मालुबाईंनी ऐकून घेतलं. मग नवऱ्याकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, "ह्यापायी जेवत न्हवता व्हय?" मारुतीराव कॅलेंडरच वाचत राहिले.

चिंतामणरावांनी खिशातून फोन काढला. हुद्दारांनी डोळ्यांनी खुणावून बघितलं, पण उपयोग झाला नाही. मारुतीराव गटात नव्हते, म्हणून गटावर लिहिलेलं चिंतामणरावांनी मोठ्याने वाचून दाखवलं. "पट्टी बदललेली नाही. ती धुतली गेली. मारुतीरावांचा काडीचा दोष नाही. मी मूर्ख आहे." दोन मिनिटांत उत्तरं आली. एकाने हळहळ व्यक्त केली, एकाने पावडर कुठली ते विचारलं, आणि चौदा जणांनी शेवटच्या वाक्याला अंगठे दिले.

तरी मारुतीराव बोलेनात. चिंतामणराव पट्टी हातात धरून उभेच होते. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी मालुबाईंना फिती समजावल्या. हा लोखंडी क्रॉस, हा बव्हेरियाचा राजा, ही बारा वर्षांची नोकरी.

"आणि त्या गड्याचं नाव काय?" मालुबाईंनी विचारलं. "पूजा करताना मलाबी कळंना. कोण, कुणाचा, न्हाय आलं तोंडात."

चिंतामणरावांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. इतक्या वर्षांत त्यांनी पत्र्याची जाडी मोजली होती, शिवण मोजली होती, पण हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी मदतीसाठी मारुतीरावांकडे पाहिलं. मारुतीराव कधी वळले होते कोण जाणे, तेही तसेच ओशाळून बघत होते. इतकी जाडजूड पुस्तकं वाचून दोघांनाही त्या माणसाचं नाव सांगता येत नव्हतं.

"त्यात काय," हुद्दार पुढे सरसावले. "नाव मी शोधून काढतो."

"नको," दोघं मित्र एकदम म्हणाले.