बिनपाण्याचा पाइप

तज्ज्ञांनी घरातले जुने पाइप बदलायचे ठरवले ते साडूंमुळे.

साडू जेवायला आले होते. पाण्याचा पेला खिडकीकडे धरून त्यांनी निरखला आणि अगदी साळसूदपणे विचारले, "तुमच्याकडे चहा जेवणाआधीच देतात का?" आता पाण्याचा रंग तसाच होता, हे खरे. लोखंडी पाइप आतून गंजले होते. सकाळची पहिली बादली भरली की तळाशी तांबूस गाळ बसायचा आणि पांढरा शर्ट चार धुण्यांत बदामी व्हायचा. पण घरच्यांनी कुरकुरणे वेगळे आणि साडूंनी बोलून दाखवणे वेगळे. साडू फाटकाबाहेर पडायच्या आत निश्चय पक्का झाला होता.

(तज्ज्ञ हे त्यांचे नाव नव्हे. विमा कचेरीत ते कारकून होते आणि कुणाचा पंखा बिघडो की गुडघा, त्यांचा सल्ला तयार असे. म्हणून सहकाऱ्यांनी ही पदवी बहाल केली होती. आपले कौतुक चालले आहे, असा त्यांचा बरीच वर्षे समज होता.)

अडचण एकच होती, ती म्हणजे अण्णा. अण्णा तज्ज्ञांचे वडील. गुडघे धरल्यापासून ते माडीवरच्या खोलीतच असत. लेकीकडे जायचे असेल तेव्हा काय तो जिना उतरत. हे पाइप त्यांनी तरुणपणी स्वतःच्या हाताने बसवले होते आणि "लोखंड आहे ते, तुझ्यापेक्षा जास्त टिकेल," असे ते मुलाला अधूनमधून ऐकवत. तेव्हा तज्ज्ञांनी शक्कल लढवली. अण्णा लेकीकडे गेले की गुपचूप काम उरकून टाकायचे.

"अहो, एकदा विचारा तरी त्यांना," बायको म्हणाली.

"विचारलं तर नाही म्हणतील."

"म्हणूनच तर विचारायचं असतं!"

पण तज्ज्ञ कुठले ऐकायला. अण्णांची गाडी वळणाआड झाली आणि प्लंबर दारात हजर. जुने पाइप उखडले, भंगारवाल्याला दिले, पांढरेशुभ्र प्लास्टिकचे पाइप भिंतीवर चढले. तज्ज्ञांनी नळाखाली पेला भरून खिडकीकडे धरला, तर त्यातून शेजाऱ्यांची दोरीवरची धुणी स्पष्ट दिसली. त्यांनी लगेच साडूंना फोन लावला.

या आनंदात एक गोष्ट राहूनच गेली. जुना पाइप अण्णांच्या पलंगाला लागून खाली थेट स्वयंपाकघरात उतरायचा. अण्णांचा आवाज बसलेला, खालपर्यंत हाक पोचत नसे. म्हणून ते त्या पाइपवर चमचा वाजवायचे. एक ठोका म्हणजे चहा. दोन म्हणजे पेपर वाचून झाला, घेऊन जा. तीन म्हणजे सूनबाई, वर ये. (कारण सांगायचे गोळी सापडत नाही असे, खरे कारण करमत नाही हे.) ठण्ण आवाज ओट्यापर्यंत यायचा. "घर आहे की शाळा?" म्हणून तज्ज्ञ करवादायचे. बायकोच्याही हे ध्यानात आले नाही. रोजचा आवाज एक दिवस बंद होईल, असे कुणाच्या मनात येते?

अण्णा रात्री अंधारात परतले. सकाळी त्यांनी सवयीने, न बघताच पाइपवर चमचा मारला. थप. पुन्हा मारला. थप. खाली बायको पोळ्या लाटत होती आणि तज्ज्ञ स्वच्छ पाण्याने दाढी करत होते. अण्णांनी चमचा ठेवून काठी घेतली. काठीनेही कुणी येईना, तेव्हा पान कुटायचा पितळी बत्ता घेतला.

खाली कळले ते पाणी जिन्यावरून उतरत आले तेव्हा. पाणी मात्र अगदी नितळ होते.

तज्ज्ञ धावत वर गेले. पाइपचा सांधा निखळून कारंजे उडत होते आणि ओल्या गादीवर बत्ता मांडीवर घेऊन अण्णा बसले होते.

"अण्णा, अहो हाक तरी मारायची!"

"तेच तर करत होतो," अण्णा म्हणाले. "तुला आवाज नको होता, तर तसं सांगायचं. मी गप्प बसलो असतो."

तज्ज्ञांनी आधी पाण्याचा कॉक बंद केला. मग सल्ले सुरू झाले. त्यांनी बेल बसवू म्हटले, तर "बेल परक्यांनी वाजवायची," असे उत्तर आले. मोबाइल पुढे केला, तर अण्णांनी त्यावर पेला ठेवला. त्यानंतर चमचा वाजला नाही. चहा मिळाला तर घेत, नाही मिळाला तर मागत नसत. घर इतके गप्प झाले की तज्ज्ञांना ओट्याशी उभे राहवेना. आपण पाण्यातला गाळ काढला आणि माणसालाच गप्प केले, याचे त्यांना मनापासून वाईट वाटले. त्यातच बहिणीने फोनवर सांगितले, "अण्णा कायमचे इकडे येतो म्हणताहेत."

तज्ज्ञांनी रजा टाकली आणि भंगारवाल्याचा ढिगारा स्वतःच्या हातांनी उपसला. हात गंजाने माखले, पण पाइप मिळाला. प्लंबरला पुन्हा बोलावले.

"साहेब, याला पाणी कुठून जोडायचं?"

"जोडायचं नाही."

"मग यातून येणार काय?"

"वडील," तज्ज्ञ म्हणाले. प्लंबरने पाना उचलला.

पलंगापासून ओट्यापर्यंत लोखंडी पाइप पुन्हा उभा राहिला. अण्णा तोंड फिरवून बसले होते. तज्ज्ञ खाली येऊन ओट्याशी कान देऊन थांबले. बराच वेळ काही नाही. आणि मग, ठण्ण, ठण्ण, ठण्ण!

तज्ज्ञ दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले. डोळे भरून आले होते.

"आलो, अण्णा!"

अण्णांनी त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिले. "तू कशाला आलास? तीन म्हणजे सूनबाई."

"मग माझे किती?"

अण्णा विचारात पडले. "तुझा ठोका ठरवलेलाच नाही रे कधी. तू यायचास कुठे?" मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "चार मारायचे म्हणजे हात दुखतो. न बोलावता आलास तरी चालेल."

तज्ज्ञ पलंगाच्या कडेला टेकले. किती वर्षांचे बोलायचे राहिले होते! सुरुवात कुठून करावी, याची ते मनात जुळवाजुळव करू लागले.

"आता आलाच आहेस, तर एक काम कर," अण्णा म्हणाले.

"सांगा ना, अण्णा!"

"खाली जा आणि सूनबाईला वर पाठव."