टांगलेला तपस्वी

तनुजाची अट साधी होती. सुपारी फुटायच्या आधी सत्यमनं हातावर टॅटू काढून घ्यायचा. टॅरोच्या पत्त्यांतला, अर्थपूर्ण. त्याच्या सोबतीला तीही एक काढणार होती. पण त्याचा कोणता, हे त्यानं स्वतः ठरवायचं. 'स्वतः' हा शब्द तिनं दुसऱ्यांदा उच्चारला तेव्हा सत्यमचा हात आपोआप खिशातल्या फोनकडं गेला.

कारण स्वतः ठरवण्याचा प्रसंग त्याच्यावर आजवर आलेलाच नव्हता. दहावीनंतरची लाइन, मोटरसायकलचा रंग, वाळूजची नोकरी, सिडकोतली खोली, इतकंच काय, मिशी ठेवायची की उडवायची, हे सगळं देवगाव रंगारीच्या बिभीषणमामांनी ठरवलेलं होतं. तनुजाचं स्थळही मामांनीच आणलं. पुढं ती सत्यमला मनापासून आवडली, हा भाग वेगळा. मामांची तशी काही सूचना नव्हती.

"मला तुझ्याशी लग्न करायचंय, तुझ्या मामांशी नाही," तनुजा म्हणाली. ती एका कंपनीत एचआरला होती आणि सुटीच्या दिवशी लोकांचं भविष्य टॅरोत बघायची. "एक गोष्ट. आयुष्यात एक गोष्ट त्यांना न विचारता कर. नाहीतर मीच पप्पांना सांगते, सुपारी फोडू नका म्हणून."

जाता जाता तिनं एक गोष्ट समजावली. पत्ता सरळ पडला तर त्याचा एक अर्थ, उलटा पडला तर बरोब्बर विरुद्ध. सत्यमनं मान हलवली. मान हलवण्यात तो तरबेज होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत त्यानं या प्रश्नावर गंभीरपणे विचार केला आणि मामांना फोन लावला.

"मामा, मला एक निर्णय एकट्यानं घ्यायचाय."

"बरं मग?"

"कसा घेऊ?"

पलीकडं ट्रॅक्टर बंद झाला. मग मामा म्हणाले, "एकट्यानं नको घेऊ. मी येतो."

टॅटूचं दुकान औरंगपुऱ्यात, एका साड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर होतं. पाटीवर 'सँडी इंक' असं लिहिलेलं होतं. सँडी म्हणजे खुलताबादचा सांडू. नाव गावाकडं ठेवून तो शहरात आला होता, पण बिभीषणमामांनी बसता बसता त्याचं गाव, आडनाव आणि वडिलांचं नाव काढून घेतलं आणि पाच मिनिटांत त्याचा पुन्हा सांडू करून टाकला.

सांडूनं काचेच्या टेबलावर पत्ते मांडले. एका बाजूला सत्यम, समोरच्या बाजूला मामा. मुलगी बघायला आल्यासारखे मामा मांडी ठोकून बसले होते आणि पत्ते स्वतःकडं फिरवून घेऊन एकेकाची चौकशी करत होते.

"हा कोण? गाठोडं घेऊन दरीकडं चाललाय. माघं कुत्रं."

"वो मूर्ख है, मामू."

"दिसतंच हाय. पुढचा."

पुढच्यात घोड्यावर सांगाडा बसला होता. "ये डेथ है. पण टेन्शन नक्को, मतलब नवी सुरुवात," सांडू म्हणाला.

"आरं, ह्याला सुपारीला न्यायचाय, दहाव्याला नाय."

तिसऱ्यात मनोऱ्यावर वीज पडून माणसं खाली कोसळत होती. मामांनी तो जवळ धरून बारकाईनं पाहिला. "सळई कमी घातल्याली." प्रेमी युगुलाच्या पत्त्यावरची दोघं मात्र उघडीच होती. मामांनी नुसती टोपी काढून त्या दोघांच्या अंगावर ठेवली.

मग एक पत्ता टेबलाच्या मधोमध आला आणि तो स्वतःकडं फिरवायच्या आधीच मामा ताठ झाले.

"हाच! आरं, केवढा तपस्वी हाय! एका पायावर उभा. दुसरा पाय मुडपल्याला, हात माघं. आन् डोक्यामागं तेज बघ, तेज!"

सत्यमच्या बाजूनं तो माणूस एका पायाला दोरी बांधून उलटा टांगलेला होता. खाली 'हँग्ड मॅन' असं लिहिलेलंही होतं. मामांना ते अक्षर उलटं दिसत होतं आणि सुलट दिसलं असतं तरी तपस्व्याच्या नावाचं इंग्रजी त्यांनी मनावर घेतलं नसतं.

"मामू, ये तो लटकेला है," सांडू म्हणाला.

"तुझ्याकडून लटकल्याला आसंल. माझ्याकडून उभा हाय."

गंमत म्हणजे सत्यमला हा पत्ता ठाऊक होता. याचा अर्थ संयम, समर्पण, जगाकडं वेगळ्या नजरेनं पाहणं, असं तनुजानंच एकदा मोठ्या प्रेमानं सांगितलं होतं. म्हणजे मामाही खूश, तनुजाही खूश. प्रश्न एवढाच उरला, की हातावर डोकं कुठल्या बाजूला करायचं.

सांडूनं त्याचा हात धरून वर-खाली करून पाहिला. "डोकं कोपराकडं घेऊ, भाई. हात खाली सोडला की साधू. हात वर केला की तुमचा पत्ता सरळ. टू इन वन!"

सुई चालू झाली. सत्यम ओठ चावत होता आणि मामा सुपारी चघळत वरून बघत होते. "तेज जरा जास्त मार," ते मधून मधून म्हणत होते.

निघताना मामांनी भाच्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. "तूच निवडला. मी आलोच नव्हतो. व्हय की नाय रे सांडू?"

त्यानंतर सत्यमच्या हाताचे दोन संसार सुरू झाले. तनुजाला त्यानं हात वर करून काढलेला फोटो पाठवला. "तू स्वतः निवडलास?" तिनं विचारलं. त्यानं हो म्हटल्यावर तिनं तो फोटो मोबाइलच्या वॉलपेपरला लावला. तिला भेटायला गेला की तो कोपर टेबलावर रोवून पंजा गालाशी धरून बसे. चहासुद्धा डाव्या हातानं पिई. "खांदा दुखतोय का?" असं तिनं विचारलं, तर म्हणाला, "नाही, विचार करतोय." आजवर त्याला विचार करताना कोणी पाहिलेलं नव्हतं. ती आणखीच हरखली.

देवगावला मात्र हात खाली. आई, पारूबाई, दर खेपेला त्या तपस्व्यावर हळदीकुंकू वाहू लागली. शेजारच्या आवडाबाईंनी नातवाची परीक्षा होती म्हणून त्याला सत्यमच्या मनगटाला डोकं टेकवायला लावलं. पोरगं पास झालं. मग रीघ लागली.

सुपारी काकासाहेबांच्या, म्हणजे तनुजाच्या वडिलांच्या, गच्चीवर होती. मांडव, खुर्च्या, भज्यांचा वास. सत्यम आणि तनुजा पाटांवर शेजारी शेजारी बसले. समोर देवगावची मंडळी. पाठीमागं तनुजाची आत्या वच्छलाबाई, जिच्या होकाराशिवाय त्या घरात कुकरची शिट्टीही होत नसे.

अंगठी घालायची वेळ आली. तनुजानं डबी उघडली. सत्यमनं बाही सावरून हात पुढं केला. वर नाही, खाली नाही, सरळ समोर. या बाजूचा विचार सांडूनं केला नव्हता.

समोरून आवडाबाईंनी चटकन हात जोडले. "घ्या गं दर्शन! उभा हाय बघा कसा, तपस्वी!"

"उभा?" पाठीमागून वच्छलाबाईंनी चष्मा लावला. "उभा कशाचा? वाघळासारखा उलटा टांगलाय की!"

"ओ बाई, नीट बघा. तप करायलाय त्यो."

"मग पायाला दोरी कामून बांधली? पळून चालला होता का?"

"आमच्या देवगावात पोरं पास होयलेत त्याच्यावर!"

"आमच्याकडं पोरं अभ्यास करून होतात!"

दोन्ही बाजू उठल्या. देवगावकर अलीकडं येऊन बघू लागले, तनुजाकडचे पलीकडं गेले आणि जागा बदलूनही कोणी मत बदललं नाही. गुरुजींनी मुहूर्त टळतोय असं दोनदा सांगून पाहिलं आणि मग तेही डोकं तिरपं करून हाताकडं पाहू लागले. मामा लांब उभे होते. शपथ घशात अडकून त्यांचा चेहरा जांभळा पडला होता. शेवटी त्यांच्यानं राहवलं नाही. "आवो, मी सोता टेबलावर बघितलाय! उभाच हाय त्यो!"

सगळ्या माना मामांकडं वळल्या.

तेवढ्यात काकासाहेब जवळ आले. जावयाचा हात हातात घेऊन त्यांनी तो माणूस आधी सरळ, मग उलटा, असा नीट पाहिला. पाय बांधलेला, हात मागं, तरीही चेहऱ्यावर तेज. मग ते हळूच म्हणाले, "लग्न झालेला दिसतोय."

पुरुष मंडळी फक्त खाली बघायला लागली.

"सत्यम," तनुजानं अंगठी डबीत परत ठेवली. "कोणी निवडला?"

समोरून मामा जिवाच्या आकांतानं मान हलवत होते. माझं नाव नको, माझं नाव नको. सत्यमला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मामांकडं न बघताच उत्तर दिलं.

"मामांनी."

मामांनी कपाळाला हात लावला. पारूबाईंनी पदर तोंडाला लावला. तनुजानं सत्यमचा हात धरून खाली सोडला, जगाला दिसतो तसा, आणि बघत राहिली.

"उलटा पत्ता," ती म्हणाली. "याचा अर्थ माहितीये? स्वतःचं काही न ठरवता, दुसऱ्यांसाठी उगाच लटकत राहिलेला माणूस." तिच्या ओठाचा कोपरा हलला. "पत्ता एकदम खरा निघाला रे."

सत्यमला धीर आला. त्यानं विचारलं, "आणि तुझा? तू पण काढणार होतीस ना, आपण दोघांनी सोबत म्हणून?"

तनुजानं मनगट पदराखाली सरकवलं.

"दाखव ना."

"काढायचाय," ती म्हणाली.

"कधी?"

"मी आत्याला विचारलं होतं," तनुजा अगदी हळू म्हणाली. "ती म्हणाली, आधी त्याचा कसा येतो ते बघू."

सत्यमनं हात पुढं केला. तिनं अंगठी घातली आणि गुरुजींनी घाईघाईनं सुपारी फोडून घेतली.

मग तिथीसाठी बैठक बसली. बिभीषणमामा या बाजूला, वच्छलाबाई त्या बाजूला. मधल्या सतरंजीवर काकासाहेबांनी कॅलेंडर अंथरलं आणि ते कोणाकडं तोंड करून ठेवायचं, यावरून पहिला वाद सुरू झाला.